आभार ऐकून निघू

"थांबा हो, आभार होऊ द्यात. निकाल लागल्याशिवाय उठतं का कुणी?" बाई म्हणत.

बाईंचं व्याख्यान संपलेलं असे. एसटीची वेळ होत आलेली असे. मी पिशव्या भरून दाराशी उभी असे आणि डोळ्यांनी त्यांना खुणावत असे. बाई मात्र व्यासपीठावरच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून, मान किंचित वळवून बसलेल्या असत. समोर गावातलं कुणीतरी आभार मानायला उभं राहिलेलं असे आणि बाई ते आभार कान देऊन ऐकत असत.

तुम्हीआम्ही सगळे सभांना जाणारी माणसं. आभार सुरू झाले की आपण काय करतो? चपला शोधतो. शेजारच्याला विचारतो, जेवायला घरीच ना? स्वतः वक्तेसुद्धा घड्याळ बघतात. आभार मनापासून ऐकणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं.

त्याला कारण होतं. आपल्याकडे आभार मानणारा नुसते आभार मानत नाही. "बाईंनी आपल्याला अतिशय सोप्या भाषेत सांगितलं की" अशी सुरुवात करून तो सगळं व्याख्यान पुन्हा थोडक्यात सांगतो. बाई त्याचीच वाट बघत. आपण तासभर जे बोललो त्यातलं पलीकडे काय पोचलं, ते कळायला दुसरा मार्ग नाही, असं त्यांचं म्हणणं. "टाळ्या काय, बसून बसून हात आखडले म्हणूनही वाजवतात," असं त्या म्हणत.

आम्ही दोघी नाशकात गंगापूर रोडकडच्या एका शाळेत शिकवत होतो. मी गणित, त्या भूगोल. मी सत्तरच्या सुमारास लागले तेव्हा त्या तिथे मुरलेल्या होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, हातात गुंडाळलेला नकाशा, बोलणं मोजकं. त्यांच्या वर्गावरून जाताना एक वाक्य हमखास कानावर पडे: "हवा वेगळी, हवामान वेगळं." त्यापुढचं उदाहरणही मला पाठ झालं होतं. "आज भाजीत मीठ जास्त पडलं, ती हवा. या घरात मीठ जास्तच खातात, ते हवामान." मुलं हसत आणि जन्मभर विसरत नसत.

रविवारी त्या वाचनालयात बसत. तिथे इंग्रजी विज्ञान मासिकं येत, शिळी होऊन येत, पण येत. ऐंशीच्या आसपास त्या शिक्षकांच्या खोलीत अधूनमधून एक विषय काढू लागल्या. कोळसा आणि तेल जाळून जो कर्बवायू हवेत जातो तो साठत चाललाय. तो उन्हाला आत येऊ देतो, पण जमिनीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे सगळी पृथ्वी हळूहळू तापते आहे.

"बाई, एप्रिल आहे," आमचे पीटीचे सर म्हणाले. सगळे हसले. बाईही हसल्या आणि डबा उघडून जेवायला लागल्या. पण डबा झाकताना मला म्हणाल्या, "लोकांना सांगायला हवं हो हे. शाळेत बसून काय उपयोग?"

आता लोकांना सांगायचं म्हणजे कुणीतरी सभा भरवायला हवी. आमचं एक छोटं विज्ञान मंडळ होतं. चार शिक्षक, दोन डॉक्टर, एक दुकानदार. हिवाळ्यात गावोगाव व्याख्यानं करायची, एवढंच त्याचं काम. मी त्याची कार्यवाह होते, कारण निवडीच्या बैठकीला मी हजर नव्हते. तेव्हा बाईंच्या व्याख्यानांची सोय माझ्याकडे आली. हॉल सांगायचा, लाऊडस्पीकर सांगायचा, गाडी बघायची. "काय कार्यवाह, कितीची गाडी?" एवढंच त्या विचारत. बाकी काही विचारत नसत. तसं माणूस बरं असतं सोबतीला.

खरं सांगायचं तर तो विषय मला फार लांबचा वाटे. घरी सासूबाईंचा दमा, मुलांच्या परीक्षा, पाण्याची वेळ. त्यात पृथ्वीची काळजी कुठे करू? पण बाई तयारी करून येत, वेळेवर येत आणि लांबण लावत नसत. एवढ्यावर मी खूश होते.

पहिलं व्याख्यान नाशकातच झालं. समोर पेन्शनर मंडळी, मफलर बांधून. बाई चांगल्या बोलल्या. प्रश्न आला, "यंदा पाऊस कसा?" बाई म्हणाल्या, ते मला सांगता येत नाही. दुसरा प्रश्न, "म्हणजे बहात्तरचा दुष्काळ यामुळेच का?" बाई म्हणाल्या, तेही छातीठोकपणे सांगता येणार नाही. लोक जरा नाराज झाले. माहीत नसेल तर बोलायला कशाला आल्या, असं त्यांच्या चेहऱ्यांवर होतं.

आभाराला बाईंचाच एक जुना विद्यार्थी उभा राहिला. आता वकील झालेला. तो म्हणाला, "बाईंनीच आम्हाला सातवीत शिकवलं की हवा रोज बदलते, हवामान बदलत नाही. आज बाई म्हणतात, हवामानही बदलतं. वयोमानाप्रमाणे मतं बदलतात. आपण त्यांचा आदर केला पाहिजे."

कडाडून टाळ्या पडल्या.

रिक्षात बसल्यावर बाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "वकील चांगला झालाय."

देवळ्याला बाजार समितीच्या आवारात सभा होती. कांद्याच्या वासात. तिथे एकानं विचारलं, "बाई, आपण कोण?" कोण म्हणजे कोण, ते तुम्हाला कळलं असेल. आडनाव ऐकूनही अंदाज लागला नाही की असं विचारतात. बाई म्हणाल्या, "भूगोलाची." तो माणूस गोंधळून खाली बसला. त्या दिवशीच्या आभारात असं आलं की बाईंनी आपल्याला झाडं लावायचा संदेश दिला. टाळ्या. नारळ. परतीच्या गाडीत बाई मला म्हणाल्या, "झाड हा शब्द मी उच्चारला तरी का हो?"

"नाही."

"मग त्यांनी कुठून आणलं?"

"घरून आणलं असेल," मी म्हटलं. "विज्ञानाची बाई येणार म्हणजे झाडं लावा म्हणणार. त्यांनी आभार आधीच पाठ केले होते."

बाई हसल्या नाहीत. "कार्यवाह, न आलेला माणूस परवडतो. त्याला पुढच्या वर्षी सांगता येतं. चुकीचं समजून गेला तो मात्र गेलाच. तो मला पुन्हा ऐकायला येणार नाही, त्याला वाटतं आपल्याला कळलं." मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "एकदाच. एकदा कुणीतरी आभारात बरोबर सांगावं. मग मी पुन्हा कुणाला छळणार नाही."

त्यानंतर त्यांनी गोधड्या काढल्या.

घरच्याच, जुन्या लुगड्यांच्या, चांगल्या जाड. व्याख्यान सुरू होताना त्या श्रोत्यांतल्या एकाला वर बोलवत, खुर्चीत बसवत आणि त्याच्या अंगावर एक गोधडी घालत. मग बोलायला लागत. मधेच त्याला विचारत, "गोधडीत विस्तव आहे का?" तो म्हणे, नाही. "मग गरम कशानं होतंय?" तो विचार करून म्हणे, "माझंच अंग गरम, ते बाहेर जाईना." "शाबास!" मग दुसरी गोधडी. आपण दर वर्षी पृथ्वीवर गोधडी चढवतोय, असं म्हणेपर्यंत त्या माणसाच्या कपाळाला घाम आलेला असे आणि हॉल हसत असे. उदाहरण म्हणून सुरेखच होतं. त्या गोधड्या एसटीत चढवायचं काम माझं. कंडक्टर विचारत, "बाई, मुक्कामी चाललात का?"

निफाडच्या बाजूला द्राक्षवाल्यांच्या एका गावात आम्ही गेलो ते ऐन थंडीत. तिकडची थंडी तुम्हाला माहीत आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये लोक शाली गुंडाळून बसले होते. बाईंनी एका तरुण बागायतदाराला वर घेतलं आणि गोधडी घातली. दुसरी घातली. पृथ्वीला कसं वाटत असेल, म्हणून विचारलं.

"लय भारी वाटतंय बाई," तो म्हणाला. "काढू नका आता. घरी घेऊन जातो."

हॉलभर हशा पिकला. बाईही हसल्या. मी मात्र मागे उभी होते आणि मला पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं दिसत होती. ती हसत नव्हती. एकमेकांच्या कानाशी लागून बोलत होती आणि माना डोलावत होती. माना डोलावणारे श्रोते मला तेव्हाही आवडत नसत.

आभाराला सोसायटीचे चेअरमन उठले. भारदस्त माणूस, फेटा, आवाज खणखणीत. म्हणाले, "मंडळी, बाई इतक्या लांबून आल्या आणि आपल्या कामाचं सांगितलं. आपण काय करतो? थंडी वाढली की पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. ओला पाला टाकून धूर करतो. का करतो? आपले वाडवडील सांगायचे, धूर बागेवर गोधडीसारखा बसतो. द्राक्षाचा मणी तडकत नाय. काही शिकलेली पोरं म्हणत होती, काका, यानं काय होतंय? आता घ्या! बाईंनी शास्त्रानं सिद्ध करून दाखवलं. आणि बाई म्हणतात, मोठमोठे कारखाने हेच काम सगळ्या जगावर करून राहिलेत. म्हणजे थंडी कमीच होत जाणार. अजून काय पाहिजे आपल्याला? उद्यापासून ज्याच्या बागेत शेकोटी नाय त्यानं बाईंचं नाव घेऊ नये!"

अशा टाळ्या मी आमच्या मंडळाच्या कुठल्याच सभेत ऐकल्या नव्हत्या.

आणि तेव्हा बाईंनी एक गोष्ट केली जी आपल्याकडे कुणी करत नाही. आभार झाल्यावर त्या पुन्हा उठल्या आणि माईकपाशी गेल्या. आभारानंतर वक्ता बोलत नाही. आभार झाले की सभा संपते. लोक अर्धवट उठलेले होते ते तसेच थबकले.

"चेअरमनसाहेबांचं एका पहाटेपुरतं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "शेकोटीनं बाग वाचते. ते मी खोटं कसं म्हणू? पण मी सांगत होते तो धूर नाही. धूर दिसतो आणि दुपारपर्यंत विरून जातो. हा वायू दिसत नाही आणि माणसाच्या आयुष्यात विरत नाही. थंडीपुरती गोधडी घेता येत नाही, ती मेमध्येही अंगावर राहणार. आणि तुमच्या वेलीला जशी जास्त थंडी नको, तशी थंडीच नको असंही चालत नाही. पाऊसही त्यानं..."

तेवढ्यात चहा आला. गरम चहा, त्या थंडीत. लोक आदबीनं ऐकत होते, पण सगळ्यांचे डोळे किटलीकडे. चेअरमन उठून बाईंजवळ आले आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "बाई, दमला असाल. चहा घ्या. समजलं आम्हाला सगळं."

बाईंनी चहा घेतला. द्राक्षांची एक पेटी आम्हाला भेट मिळाली. चेअरमननी जीपनं नाशकापर्यंत सोडायची व्यवस्था केली. वाईट माणसं नव्हती हो. त्यांना जे हवं होतं ते त्यांनी व्याख्यानातून उचललं, एवढंच. आपण सगळेच उचलतो.

जीपमध्ये बाई म्हणाल्या, "चूक माझीच. थंडीत गोधडी कुणाला नको असते?"

गोधड्या परत कपाटात गेल्या. पुढच्या हिवाळ्यापर्यंत बाई नवं उदाहरण शोधत होत्या. एकदा खडू हातात धरून वर्गाच्या दारातच थांबल्या आणि मला म्हणाल्या, "ताप! अंगात दोन अंश ताप वाढला तर माणूस कामाचा राहत नाही. पृथ्वीचंही तसंच. तापाचं कौतुक कोण करेल?"

हे मला पटलं. ताप कुणालाच आवडत नाही.

सटाण्याला बायकांची सभा होती. बाईंनी थर्मामीटर नेला होता. एक आजी पुढे बसून सारखी मान हलवत होती. शेवटी न राहवून अहिराणीत म्हणाली, "तुमनं खरं शे बाई. ताप उना का मानूसले काही सुचस नही." बाईंचा चेहरा उजळला. मलाही वाटलं, आज जमलं. आभाराला तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या. छान बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "तेव्हा भगिनींनो, बाईंनी सांगितल्याप्रमाणे ताप आला तर अंगावर काढू नका, वेळीच डॉक्टरांकडे जा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी उचलली. गाडीत बाईंनी थर्मामीटर झटकून डबीत ठेवला. सल्ला तसा योग्यच होता.

मंडळाच्या बैठकीत पुढच्या वर्षीचे विषय ठरत होते तेव्हा दुकानदार सभासदांनी घसा खाकरला. "बाईंबद्दल आदरच आहे. पण गावं विचारतात, दुसरं काही नाही का? बाईंनी स्वयंपाकघरातलं विज्ञान घ्यावं. बायका येतील." डॉक्टरांनी दुजोरा दिला. बाई म्हणाल्या, "घेते. पण मला यावर एक शेवटचं करू द्या." सगळ्यांना हायसं वाटलं. शेवटचं म्हटलं की आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही.

एव्हाना त्यांचा आवाज बसायला लागला होता. इतकी वर्षं साठ-साठ मुलांच्या वर्गात ओरडून शिकवल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टरांनी बोलू नका सांगितलं होतं. त्या शाळेत हातवारे करून, फळ्यावर लिहून शिकवत. पुढे कळलं की नुसता आवाज बसला नव्हता, दुखणं घशातच होतं आणि वाढलेलं होतं. बाई गेल्या ते इथेच सांगून टाकते. त्या शेवटच्या व्याख्यानानंतरचा पावसाळा त्यांनी पाहिला, दिवाळी नाही पाहिली. शाळेला एक दिवसाची सुट्टी मिळाली. मंडळाच्या पुढच्या यादीत त्यांच्या जागी दातांची निगा हा विषय आला आणि त्याला चांगली गर्दी झाली.

पण शेवटच्या व्याख्यानाचं सांगायचं राहिलं.

ते बाईंनी स्वतः ठरवलं. नाशिकरोडकडच्या एका वसाहतीत, तिथल्या विहाराच्या हॉलमध्ये, महिला मंडळापुढे. बाईंचं माहेर त्या वसाहतीतलं. मला ते ठाऊक होतं, आमच्यात कधी बोलणं निघालं नव्हतं. इतर सगळीकडे त्या बाई असत. तिथे दारातच "जयभीम ताई, किती वाळलात!" असं झालं. एक म्हातारी त्यांना नुसती नावानं हाक मारत होती. नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

एप्रिल होता. दुपारचा उकाडा मी म्हणत होता. वरचा पंखा खडखडत होता. बायका सतरंज्यांवर बसल्या होत्या, वर दोन खुर्च्या, एक टेबल आणि माईक, त्याचा कर्णा बाहेर वसाहतीकडे तोंड करून लावलेला.

बाई उठल्या, माईकपाशी गेल्या आणि तोंड उघडलं. आवाज निघेना. वाऱ्यासारखं काहीतरी निघालं. त्यांनी माझ्याकडे पाहून बोटानं खूण केली. मी शेजारी जाऊन उभी राहिले. त्या माझ्या कानात एकेक वाक्य सांगायच्या, मी ते माईकवर म्हणायची.

मला भाषणं जमत नाहीत. मी सरळ सांगत गेले, गणित सांगते तसं. पण ते व्याख्यान मी वर्षानुवर्षं दाराशी उभी राहून ऐकलेलं होतं, त्यामुळे अडलं नाही. उदाहरण मात्र नवीन होतं. गोधडी नाही, ताप नाही.

"समजा, पत्र्याची खोली आहे," बाई कानात म्हणाल्या, मी माईकवर म्हणाले. बायकांत हसण्याची लाट आली. त्यांना 'समजा' म्हणायचं कारण नव्हतं, बऱ्याच जणींची खोली पत्र्याचीच होती. "त्या खोलीत बरीच कुटुंबं राहतात. प्रत्येकाचा स्टो पेटलेला. कुणाचा लहान, कुणाची भट्टीच. खोलीला एक खिडकी आहे. ऊन पत्र्यातून येतंच, पण आतला उकाडा त्या खिडकीतून जातो, म्हणून खोलीत राहता येतं. आता स्टोमधून असं काही निघतंय की ती खिडकी आपोआप लागत चाललीय. रोज केसभर. आज कुणाला कळणार नाही. तुमच्या मुलींच्या वेळी कळेल."

पुढे सगळं आलं. पाऊस, समुद्र, धान्य. जिथे सांगता येत नाही तिथे सांगता येत नाही, हेही मी म्हटलं. बाईंनी तेही कानात सांगितलं होतं. व्याख्यान आटोपशीर झालं. बाई खुर्चीत बसल्या. हात मांडीवर, मान वळवून.

आभाराला महिला मंडळाच्या अध्यक्षा उभ्या राहिल्या. कुठल्याशा सरकारी कचेरीत कारकून होत्या, सुट्टी टाकून आल्या होत्या. हातात कागद नव्हता. आदरणीय वगैरे काही नाही.

"ताईंनी सांगितलं ते मला असं कळलं," त्या म्हणाल्या. "चुकलं तर थांबवा. खोली सगळ्यांची एकच आहे. स्टो सारखे नाहीत. आमचा लहान, कारखान्यांचा मोठा, दूरच्या श्रीमंत देशांचा त्याहून मोठा. जाळलं की दिसत नाही असा वायू निघतो. तो ऊन अडवत नाही, उकाडा अडवतो. म्हणजे हा चुलीचा धूर नाही आणि आजचा उन्हाळाही नाही. आज गरम होतंय ते एप्रिल आहे म्हणून. पण पुढचे एप्रिल कसे येतील ते यावर ठरणार. आणि ज्यांचा स्टो लहान, त्यांची खाट पत्र्याखाली. खिडकीजवळ नाही. बरोबर ना ताई?"

शेवटचं तर बाईंच्या व्याख्यानात नव्हतंही. ते त्यांनी स्वतःचं घातलं होतं आणि तेही बरोबर होतं.

मी बाईंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी खुर्चीच्या पाठीला पाठ टेकली होती. त्यांनी मान हलवली, बरोबर म्हणून. मला वाटलं, चला, एकदाचं झालं. मी पिशवीकडे हात नेला.

पण अध्यक्षा खाली बसल्या नाहीत.

"मग ताई, खिडकी उघडायची कुणी?" त्या म्हणाल्या. "आम्ही उघडायची म्हणाल तर आमचा हात पोचत नाही. आमचा स्टो विझवला तर आमचीच पोरं उपाशी. आणि ज्यांचा हात पोचतो त्यांना उकडत नाही. तर कोण? एवढं सांगा. कळलं तर सगळं, पण एवढं कळल्याशिवाय आभार कसे मानू?"

त्या चिडलेल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. हॉलमधल्या सगळ्या बायका वर बघत होत्या. मी बाईंच्या तोंडाशी कान नेला. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की वाटलं, हे एक वाक्य मीच स्वतःचं म्हणावं अशी त्यांची अपेक्षा आहे. गणितात ज्याला उत्तर नाही ते आपण उत्तर नाही असं लिहून पुढे जातो. इथे पुढे कुठे जाणार?

बाई उठल्या. टेबलाला धरून व्यासपीठाची पायरी उतरल्या आणि अध्यक्षांच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसल्या. अध्यक्षाही मग बसल्या. आजूबाजूच्या बायका सरकून जवळ आल्या. बाई काहीतरी बोलायला लागल्या, कुजबुजत, हातांनी. अध्यक्षांनी मधेच काही विचारलं, दुसरी एक जण त्यावर काही म्हणाली, बाईंनी मान जोरात हलवली, नाही, नाही, तसं नाही. डोकी डोक्यांना लागली होती. काय चाललंय ते मला वरून ऐकू येत नव्हतं.

एका मुलीनं मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही पण या ना मॅडम, वर एकट्या काय करताय?"

मी माईक टेबलावर ठेवला आणि खाली उतरले. तो बंद करायचा राहिला. सगळ्या वसाहतीला बराच वेळ त्यातून फक्त पंख्याची खडखड ऐकू जात होती.